शेठ चावला आणि सातही मागण्या मान्य झाल्या

कुत्रा चावल्यावर सगळ्यात आधी जखम साबणाने धुवायची असते. आमच्या घरी सगळ्यात आधी पत्रक काढतात.

यात माझा दोष कमी आणि घरच्या वळणाचा जास्त. बाबांनी रबाळ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली आणि त्याहून जास्त निष्ठेने युनियनची पत्रकं लिहिली. दिघ्याच्या आमच्या एका खोलीत बाराखडीचा तक्ता नव्हता. भिंतीवर 'जाहीर निषेध' होता. मी त्यावरूनच अक्षरं शिकले. वर्गातली मुलं 'क कमळाचा' म्हणायची तेव्हा मी 'क कामगाराचा' म्हणत असे, आणि बाईंनी छडी उचलली की 'श शोषणाचा'. माझं नावसुद्धा समता. शाळेत खाऊचे वाटे करायचे असले की सगळे माझ्याकडे बघायचे.

बाबांनी मला पत्रकाचं शास्त्र शिकवलं. पत्रक खळीनेच चिकटवायचं. पीठ पाण्यात कालवायचं, पातेल्यात शिजवायचं, ब्रशने भिंतीला फासायचं. चिकटपट्टी वापरणारा कार्यकर्ता बाबांच्या लेखी कच्चा. आणि मागण्या कधीही हव्या तेवढ्याच लिहायच्या नाहीत. दुप्पट लिहायच्या, कारण समोरचा निम्म्या कापतो. त्यातही एक मागणी अशी जबर घालायची की ती ऐकून मालकाला घाम फुटला पाहिजे. मग वाटाघाटीत आपण मोठ्या मनाने ती सोडायची आणि बाकीच्या पदरात पाडून घ्यायच्या. तिला बाबा 'सोडायची मागणी' म्हणतात. एकदा त्यांनी कँटीनमध्ये दर शुक्रवारी पापलेट मागितलं होतं. पापलेट सोडलं, आणि सगळ्या खात्यांना हातमोजे मिळाले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही करंजाड्याला भाड्याने राहायला आलो. इमारत गुलाबमावशींची. त्या इथल्याच गावच्या. नव्या शहरासाठी सरकारने जमीन घेतली, त्या बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर चार मजले झाले. तळमजल्यावर त्या एकट्या राहतात. म्हणजे एकट्या नाही, सोबत शेठ. शेठ हा त्यांचा तांबडा, रुंद छातीचा कुत्रा. दिवसभर काही करत नाही आणि जेवायला वेळेवर हजर असतो, म्हणून त्याचं नाव शेठ. घर शोधताना एजंट आम्हाला नोकरी विचारायचे, जात विचारायचे, युनियन म्हटलं की फोन ठेवायचे. मावशींनी एकच प्रश्न विचारला होता: "मासं खाता ना?" आईने हो म्हटलं आणि किल्ली हातात आली.

अशा बाईविरुद्ध मी पत्रक काढलं. कारण पाणी!

आमच्याकडे त्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा, तोही मनात आलं तर. इमारतीत कुजबुज अशी, की घरमालकांकडे ड्रम भरलेले असतात आणि भाडेकरूंकडे बादल्या रिकाम्या. मी रविवारी सकाळी सहाला उठून लिहिलं: 'पाणी साठवणारे हात कोणाचे?' खाली तीन उद्गारचिन्हं. आईने खळ करून दिली, थोडी कुरकुर करत. मी पातेलं आणि ब्रश घेऊन फाटकाशेजारच्या भिंतीवर पत्रक लावलं आणि चार पावलं मागे सरून ते कसं दिसतंय ते बघू लागले.

शेठही बघू लागला. मग तो भिंतीपाशी गेला, पत्रकाचा खालचा कोपरा त्याने हुंगला, आणि अत्यंत तन्मयतेने ते चाटायला सुरुवात केली. चाटता चाटता पत्रक सुटलं. ते त्याने दातात धरलं. आता कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, जाऊ दे, दुसरं लावू. पण ते माझं पत्रक होतं. मी दुसरं टोक धरलं आणि ओढलं. शेठनेही ओढलं. मी त्याच्या नाकावर ब्रश हाणला. शेठने पत्रक सोडलं, आणि मोकळ्या झालेल्या तोंडाने माझी पोटरी धरली.

मी जी किंकाळी फोडली ती चौथ्या मजल्यापर्यंत गेली. बाबा गॅलरीत आले. मी खालून ओरडले, "बाबा, शेठ चावला!"

बाबांनी गंभीरपणे मान हलवली. ही गोष्ट ते तीस वर्षं सांगत होते.

तेवढ्यात गुलाबमावशी धावत आल्या. त्यांनी शेठला एका शब्दात आत पाठवलं, मला मोरीच्या कट्ट्यावर बसवलं, आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी घेऊन माझी पोटरी धुवायला लागल्या. मी तोपर्यंत भानावर आले होते. मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. म्हटलं, आधी फोटो काढायला हवा, साक्षीदारांची नावं लिहायला हवीत, पंचनामा व्हायला हवा. मावशी म्हणाल्या, "पंचनामा व्हईल गो. आधी पाय ठेव इथं." आणि ड्रममधून तांब्या भरभरून ओतत राहिल्या. पंधरा मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. त्यांच्या घरचं त्या दिवसाचं सगळं पाणी माझ्या पोटरीवरून मोरीत गेलं. म्हणजे मी ज्या साठवलेल्या पाण्याचा निषेध केला होता, नेमकं तेच. (हे माझ्या लक्षात यायला अकरा दिवस लागले. निषेध करणाऱ्याला दुखापत झाली की त्याची बुद्धी सगळ्यात शेवटी बरी होते.)

मग रिक्षा करून त्यांनी मला पनवेलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक इंजेक्शन दंडाला दिलं आणि दुसरं औषध थेट जखमेतच टोचलं. ते टोचताना मी मावशींचा हात असा काही दाबला की त्यांच्या हिरव्या बांगड्यांतल्या दोन फुटल्या. नर्सबाईंनी कागद भरायला घेतला. कुत्रा भटका की पाळीव?

इथे मावशींना सुटायची पूर्ण सोय होती. 'भटका' म्हटलं असतं की प्रकरण संपलं. करंजाड्यात तांबड्या कुत्र्यांची काही टंचाई नाही. पण मावशी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "पालीव. माझा हाय. लिवा." शिवाय पदराखालून बिस्किटाचा चपटा डबा काढून त्यांनी शेठच्या लसीचं कार्ड दाखवलं. त्या डब्यात सातबारा, प्लॉटचे कागद आणि शेठचं कार्ड एकत्र असतं. नर्सबाईंनी शाबासकी दिली, तरी माझे सगळे डोस पूर्ण करायचे असं बजावलं: तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, मग अठ्ठाविसाव्या. आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा म्हणाल्या.

घरी आले, पाय उशीवर ठेवला आणि कायदा वाचायला घेतला. वाचता वाचता माझं दुखणं पळालं. पाळलेल्या प्राण्यापासून कोणाला इजा होणार नाही याची काळजी न घेणं हा चक्क गुन्हा आहे! शिवाय मालकाकडे भरपाई मागता येते: उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, झालेला मनस्ताप. दवाखान्याचा कागद, जखमेचे फोटो आणि साक्षीदार जपून ठेवायचे. कुत्रा भटका असेल तर दाद मागायची जागा वेगळी. आणखी एक ओळ होती, की जखमी माणसाने प्राण्याला डिवचलं असेल तर दावा कमजोर होतो. त्या ओळीवरून मी भरभर पुढे गेले. लिफ्टमध्ये नको असलेला शेजारी भेटला की आपण जसं मोबाइलमध्ये बघतो, तसं.

"भावनेने लढायचं नाही," बाबा म्हणाले, "मागण्यांनी लढायचं." निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. आम्ही दोघांनी बसून सात मागण्या काढल्या. उपचारांचा खर्च. जखमीला पौष्टिक आहार. कुत्र्याच्या प्रकृतीचा दहा दिवस रोज प्रत्यक्ष अहवाल. पाचवी, मी मुलांच्या शिकवण्या घेते, त्या बुडतील त्यांची भरपाई. सहावी, जाहीर माफी. सातवी, फाटकाजवळच्या भिंतीवर पत्रकं लावण्याचं स्वातंत्र्य. आणि मध्ये, चार नंबरला, सोडायची मागणी: 'सदर कुत्र्यास अकराव्या दिवशी इमारतीतून कायमचे हटवावे.' सुरुवातीला मी एक वाक्य घातलं, 'कोणतीही चिथावणी नसताना'. ते लिहिताना हात जरा अडखळला. बाबांना वाटलं, इंजेक्शनमुळे.

आई दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, की आपला अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतो हे कोणाच्या लक्षात आहे का? बाबा म्हणाले, लढ्यात घर बघायचं नसतं. आई म्हणाली, "लढून झाल्यावर मग झोपायचं कुठे, तेही त्या कागदात लिहा."

संध्याकाळी मी लंगडत खाली गेले. मावशी कोळंबी सोलत होत्या. हात भरलेले, चष्मा सापडेना, आणि अक्षर जरा जडच जातं त्यांना. म्हणून त्या म्हणाल्या, तूच वाच. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईने सकाळी आपला पाय धुतला तिच्यासमोर बसून 'आपल्या अक्षम्य बेजबाबदारपणामुळे' हे कसं वाचायचं? मी 'अक्षम्य' गाळलं. 'बेजबाबदारपणा' पुटपुटले. चौथी मागणी आली तेव्हा मावशींचे हात क्षणभर थांबले. शेठ त्यांच्या पायाशी बसून कोळंबीकडे बघत होता. मग हात पुन्हा चालू झाले.

मी वाचून संपवलं आणि वाटाघाटींसाठी सरसावून बसले. मोठं मन मी तयारच ठेवलं होतं.

"मान्य हाय," मावशी म्हणाल्या.

"कुठली?"

"सगल्या. कुटं सही करू?"

मी हादरले. म्हटलं, मावशी, तुम्हाला काही कमी करून हवं असेल तर बोलू आपण. चौथीबद्दल तर नक्कीच बोलू. मावशींनी पदराला हात पुसले आणि बिस्किटाच्या डब्याकडे बोट दाखवलं. "आमची जमीन एका कागदाव गेली, न् हे घर दुसऱ्या कागदाव आला. लिवला तो लिवला. कागदाशी मी भांडत नाय." आणि त्यांनी सही केली. ठसठशीत.

वर येऊन सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीतच बसले. तीस वर्षांत त्यांच्या सगळ्या मागण्या कोणी मान्य केल्या नव्हत्या. अशा वेळी पुढे काय करायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून अंमलबजावणी सुरू झाली. सकाळी सातला बेल वाजली. दारात मावशी आणि शेठ. "अहवाल," मावशी म्हणाल्या. तीन मजले चढून शेठला प्रकृती दाखवायला आणलं होतं. शेठने जीभ काढून दाखवली, शेपूट हलवून दाखवलं, आणि आमच्या उंबऱ्यावर आडवा पडून घोरूनही दाखवलं. हे दहा दिवस रोज. चौथ्या दिवसापासून बाबा त्याच्यासाठी बिस्किट काढून ठेवायला लागले. ते शेठला वर्गशत्रू मानत, तरी हजेरी वेळेवर लावणाऱ्याबद्दल त्यांना पहिल्यापासून आदर.

दुपारी पौष्टिक आहार. कोळंबीचं कालवण, बांगडा, तांदळाची भाकरी. आईला म्हणायची सोय नव्हती की नको, कारण मागणी आमचीच. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मावशी रिक्षा घेऊन हजर. शिकवण्यांची भरपाई म्हणून क्लासच्या पाच मुलांना त्यांनी आपल्या ओट्यावर गोळा केलं, मला खुर्चीवर बसवलं, पायाखाली पाट दिला आणि मुलांना दम भरला की कोणी बाईंच्या पायाला हात लावायचा नाही. शिकवण्या बुडाल्याच नाहीत. भरपाई मागायला काही उरलंच नाही!

जाहीर माफी तर विचारू नका. टँकर आला, सगळी इमारत बादल्या घेऊन रांगेत उभी. मावशी ओट्यावर चढून खणखणीत आवाजात म्हणाल्या की माझा शेठ समताला चावला, चूक माझी हाय, मी सगल्यांसमोर माफी मागते. मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर मी शोषकाचं वर्णन लिहीत आले होते. त्या दिवशी तो कसा दिसतो ते माझ्याकडे बघणाऱ्या पन्नास डोळ्यांत मला दिसलं. तिथेच मी म्हणू शकले असते, की ब्रश मी हाणला होता. मी बादली पुढे सरकवली.

नवव्या दिवशी फाटकाजवळची भिंत पांढरी केलेली दिसली. मावशींनी स्वतः चुना लावला होता. कोणीतरी विचारलं, कशासाठी. म्हणाल्या, समताच्या कागदांसाठी.

उरली चौथी. दहाव्या दिवशी संध्याकाळी कळलं की सकाळी टेम्पो येणार. रबाळ्याला मावशींच्या भाच्याचं गोदाम आहे. तिथे शेठला साखळीला बांधणार. शेठने साखळी जन्मात बघितली नव्हती. आई कालवणाचं भांडं परत द्यायला खाली गेली होती. वर येऊन म्हणाली, गुलाबताईंनी आज स्वतःसाठी चूल पेटवलेली नाही. आपला डबा मात्र केलाय.

मी बाबांना म्हटलं, चौथी मागणी मागे घेऊ. बाबा अस्वस्थ होऊन फेऱ्या मारत होते. मान्य झालेली मागणी मागे घेतल्याचं उदाहरण त्यांना आठवत नव्हतं. शिवाय कुत्रा विनाकारण चावला होता, तत्त्वाचा प्रश्न होता.

"विनाकारण कसला," आई म्हणाली. "त्या पातेल्यात आदल्या रात्री सुकट केली होती. घासायला पाणी कुठे होतं? तसंच पुसून त्यात खळ शिजवली. तुझं पत्रक म्हणजे त्याला सुकटीची भाकरीच की गं."

बाबा फेऱ्या मारायचे थांबले. मीही मग उरलेलं सांगून टाकलं: ओढलेलं टोक, नाकावर हाणलेला ब्रश, कायद्यातली गाळलेली ओळ. बाबांनी मागण्यांचा कागद उचलून पहिली ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "मी पन्नास पत्रकं काढली. मालकाचं खोटं चव्हाट्यावर आणलं. आपल्या बाजूने खोटं कधी लिहिलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "खोट्या कागदावर सही करून घेतलीस तू त्या बाईची." एवढंच. पण त्यापेक्षा त्यांनी दोन फटके दिले असते तर बरं, असं वाटलं.

सकाळी टेम्पो फाटकाशी उभा होता. मावशींनी शेठची जेवायची थाळी फडक्यात बांधून पुढच्या सीटवर ठेवली होती. शेठ अहवालाची वेळ झाली म्हणून जिन्याच्या पहिल्या पायरीवर माझी वाट बघत होता.

मी म्हटलं, "मावशी, चौथी मागणी मागे. सगळ्याच मागे. चूक माझी होती." आणि सगळं सांगितलं. सुकटसुद्धा.

मावशींनी ऐकून घेतलं. डोळे भरले होते, पण मान हलली नाही. "तोंडाचा नको सांगू, पोरी. कागदाव लिवलंय. कागद आन."

म्हणून टेम्पोच्या बॉनेटवर वही ठेवून मी माझं आजवरचं सगळ्यात लहान पत्रक लिहिलं. 'मी, समता, जाहीर करते की शेठला मी डिवचलं. माझ्या नोटिशीत ते लपवलं. ज्यांचं पाणी मी पत्रकात काढलं त्यांनी ते माझ्या जखमेवर ओतलं. मी माफी मागते आणि आभार मानते.' उद्गारचिन्ह एकही नाही. मोठ्याने वाचून दाखवलं. ड्रायव्हरने आपण होऊन टाळ्या वाजवल्या आणि रिकामा टेम्पो वळवला.

मी विचारलं, तुमची काही मागणी असेल तर त्यात घालते. मावशींनी थाळी फडक्यातून सोडली, शेठपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "एकच. पातेला घासाया माझ्या ड्रमातला पानी ने."

पत्रक मी पांढऱ्या भिंतीवर लावलं. चिकटपट्टीने. बाबांनी गॅलरीतून बघितलं आणि चिकटपट्टीकडे काणाडोळा केला. शेठने जवळ जाऊन कोपरा हुंगला, माझ्याकडे अत्यंत निराश नजरेने बघितलं आणि सावलीत जाऊन झोपला.

पुढच्या महिन्यात करार झाला. अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोसही झाला, मावशींचा हात धरून. या वेळी बांगड्या वाचल्या. पोटरीवर दातांचे चार ठिपके राहिलेत, आणि कोणी विचारलं की मी खरं सांगते. सातच्या सात मागण्या मान्य झालेला आमच्या घराण्यातला हा एकमेव लढा, आणि मी तो स्वतःच्या हाताने लिहून हरले.

सहा मागण्या मी मनापासून सोडून दिल्या आहेत. पौष्टिक आहाराची मागणी मागे घेतल्याचं मात्र मावशींनी मानलंच नाही, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. काल बोंबील होते. शेवटी काही तत्त्वांवर माणसाने ठाम राहायला हवं!